हजेरीवही

पहिल्या पानावर तारीख नाही.
'दिवाळीनंतरचा दुसरा रविवार' एवढंच,
आणि अकरा नावं. त्यातली दोन एकाच हस्ताक्षरात,
कारण सिद्राम शाळेत जात नव्हता,
त्याची सही अफसरनं ठोकली.

जागा: लोको शेडमागची चिंच, पूर्णा जंक्शन.
तेव्हा इथं इंजिनं पाणी प्यायची,
काचीगुड्याच्या गाडीतून चित्रकथांचे गठ्ठे उतरायचे,
स्टॉलवाले व्यंकटी अण्णा चार आण्यांत दिवसभर वाचायला द्यायचे.
थुंकी लावून पान उलटलं तर पाच पैसे दंड.

ठराव एक: ज्याच्याकडं जे हाय ते त्यानं आणावं.
ठराव दोन: 'निळी घोरपड', अंक सतरा,
शेवटच्या पानासकट कुणी आणला
तर त्याला जन्मभर भजी फुकट.

आमच्या अंकात ते पान नव्हतं.
खाली पूर, दोरी अर्धी तुटलेली, वर सुरा,
घोरपड लटकलेली,
तिच्या फुग्यात एकच शब्द: 'थांब'
आणि स्वल्पविराम.

तिसऱ्या वर्षी जमादार आले.
"पत्ते कुटायलाव का रे?"
एक अंक उचलला, उभ्याउभ्या वाचला,
मग चपला काढून बसले.
पुढची चार वर्षं वहीत त्यांचंही नाव आहे, बक्कल नंबरासह.

आठवं वर्ष कोरं.
त्या वर्षी जमीन हलली.
दोन पोती अंक किल्लारीकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये टाकले,
परत मागितले नाहीत.

मग रूळ रुंद झाले, शेडला कुलूप लागलं,
नावांपुढं गावं लिहावी लागली:
गुंतकल, लालागुडा, बदली, बदली.
चौदाव्या वर्षी हजर दोन.
मी, आणि पार्सल ऑफिसातली शकुंतला पैलवाड.
भजी एकच प्लेट. बोलायला काही नव्हतं,
तर तिनं पावतीच्या पाठीवर शेवटचं पान काढलं, बॉलपेननं.
पुलावरून मालगाडी आणली,
सुरेवाला शिट्टीला दचकून पुरात.

तिथून दरसाल कुणीतरी एक शेवट आणतंच.
एकात सुरेवाला शिंकतो.
एकात दोरी म्हणजे घोरपडीचंच शेपूट निघतं.
बसमतच्या एका पोरीनं पूरच आटवला,
म्हणाली, "आमच्याकडं असंच होतंय."

आता रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल,
भाड्याच्या खुर्च्या, बॅनरवर 'चित्रकथा' चुकीचं छापलेलं,
सोयाबीनवरची निळी ताडपत्री कापून
नांदेडहून आलेल्या सात घोरपडी, दोघींना घाम.

यंदा अफसर आला सिकंदराबादेहून,
प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पान घेऊन.
हॉल उभा राहिला. त्यानं चष्मा पुसला.
पानभर पूर.
खाली कोपऱ्यात: क्रमशः.
पाठीमागं दंतमंजनाची जाहिरात.
अठरावा अंक निघालाच नाही कधी.

पंखा तेवढा वाजत होता.
शकुंतला म्हणाली, "मंग उभे कामून? बसा. कागद काढा."
अफसरला भजी दिली. त्यानं पैसे दिले.

हजर: दोनशे चौदा.
सिद्राम आता स्वतः सही करतो,
एवढी मोठी, एवढी गोल,
की खालची दोन नावं
तिच्या पोटात लिहावी लागतात.