बोळ्यात उरलेलं

सुभाषनगरात सकाळ होते
भिजल्या कातड्याच्या वासानं.
मी वेणी घालते. पोरीची नव्हे,
चपलेच्या पट्ट्याची,
सात पदरांची, बारीक वादीची.
बत्तीस वर्षं झाली.

जोड तयार झाला की शेवटी तेल.
बोळा बुडवायचा, अंगठ्यापासून टाचेपर्यंत फिरवायचा.
कातडं पितं, गडद होतं, मऊ येतं.
आणि बोळ्यात उरलंसुरलं
मी माझ्या हातांना पुसते.
एवढाच माझा शृंगार.

यंदाच्या थंडीत पेरं उकलली.
वादी ओढली की पट्ट्यावर लाल ठिपका.
गिऱ्हाईक म्हणालं, नवीन डिझाइन काय ओ?

रेश्मानं, सुनेनं, मोबाईलवर दाखवली
बोटाएवढी बाटली, सोनेरी झाकण,
साडेनऊशे रुपये.
"आत्ती, ऑर्गॅनिक लिहिलंय बघा."
अस्सल तर चपलेवर पण लिहितात, बाई.
मी अस्सल ओळखते
वास घेऊन, वाकवून, नखानं खरवडून.
तेलाचं पण असंच काहीतरी असणार.

लक्ष्मीपुरीत लाकडी घाणा आहे,
किरकिरत, सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखा.
गौरव्वा बसते तिथं, निम्मं कानडी बोलत.
तिनं तेल नाही दाखवलं,
आधी माझा हात मागितला.
उलटा केला, सुलटा केला,
मी गिऱ्हाइकाचा पाय बघते तसा.

"तीळ घे थंडीला. कच्च्या तिळाचं.
भाजलेल्याचं आमटीत घाल.
खोबरेल गोठतंय म्हणून तक्रार घेऊन येतात लोक.
थंडीत गोठत न्हाई, त्याचाच मला संशय."
करंजाचं झाकण उघडलं, मी मागं सरले.
"वास हाय म्हणून भिऊ नको.
ज्याला कसलाच वास न्हाई
त्याला कुणीतरी धुऊन पुसून सोडलंय."
एरंडेल काठीला धरून बसलेलं, खाली पडेना.
"एकटं लावू नको, पाहुण्यागत चिकटतंय.
तिळात चार थेंब. बास."

मी म्हटलं, सुनेचे केस जातात मुठीमुठीनं,
बाळंतपण झाल्यापासनं.
येतील का परत?
ती हसली. घाणा फिरत होता.
"तेल हाय गं, नवस न्हवं.
यायचे तवा येतील.
तेलाच्या निमित्तानं तुझी बोटं
तिच्या डोसक्याला लागतील, तेवढं खरं."

औषधाची जुनी तपकिरी बाटली नेली होती, धुऊन, वाळवून.
तिनं उन्हात धरून कोरडी आहे का बघितली,
मगच भरली.
"गाळ बसू दे, हलवू नको.
आणि आधी कोपराच्या आतल्या अंगाला एकच थेंब.
रात्र जाऊ दे.
लाल झालं तर भांडायला ये."

त्या रात्री दिव्याखाली हात धरून बसले.
हजार कातडी वाळायची वाट बघितली आयुष्यात,
या एकाची कधी नाही.

सकाळी कोपर जसंच्या तसं.
वाटी गरम पाण्यात ठेवली, तेल बोटाला सोसेल एवढं झालं.
पेरांच्या चिरांत गेलं तेव्हा झोंबलं,
मग थांबलं.

रेश्मा पुढ्यात बसली, मांडीवर पोर.
दोघी गप्प.
टाळूवर विरळ जागा होती, नव्या चामड्यासारखी फिकी,
तिथं मी बोट हलकं ठेवलं.
ती म्हणाली, "तुमचे हात खरखरीत लागतात."
आणि मान आणखी मागं टाकली.

वेणी घालताना चुकले.
तीनच पदर होते,
बोटं चौथा शोधत राहिली.

दुपारी पाच जोड झाले. तेल दिलं.
बोळ्यात उरलेलं
रापीच्या मुठीला लावलं.