बारा बेदाणे

गारठ्याने अंगणातला नळ फुटलाय.
एकतीस डिसेंबर, दुपारचे चार,
प्लंबर आता थेट पुढच्या वर्षी येणार.
म्हणजे एक बेत तर ठरला:
नळ.

बाकीचे वहीत मांडावेत म्हणून बसलो.
ही चौथी वही. आधीच्या तीन
चुलीजवळ, चेस्टनटच्या पोत्याखाली.
त्यांत माझी भरती आहे, बोटीचं नाव आहे,
लिस्बनच्या धक्क्यावर रुमाल हलवणाऱ्या बायका आहेत.
तिन्ही वह्या
बोट गिनीच्या किनाऱ्याला लागायच्या आत संपतात.

एर्मेलिंदा म्हणते,
फार सावकाश चालते रे तुझी बोट, बेलमिरो.

तसं तिथे मी भरपूर लिहिलं.
पलटणीत सही करणारे पुष्कळ, लिहिणारे सात,
आणि वळणदार अक्षर माझ्या एकट्याचं.
सैन्याची पिवळी हवाईपत्रं, तिकीट लागायचं नाही.
दारूगोळ्याच्या खोक्यावर कंदील ठेवून बसायचो
आणि पोरं रांग लावायची, न्हाव्यापुढे लावावी तशी.
पत्रामागे एक सिगारेट.
लिही, इकडे सर्व क्षेम.
लिही, जेवण बरं आहे, ताप नाही,
डुकरीण व्यायली का ते कळव.

कासियानोच्या बायकोला मी लिहिलं,
तुझ्या केसांना अजून भट्टीतल्या पावाचा वास येतो का?
तो म्हणाला, हे मी कधी सांगितलं?
मग जरा थांबून,
राहू दे.

दोन वर्षांत हजारभर पत्रं.
माझं समग्र साहित्य
लोकांच्या फडताळांत, लोकांच्या सह्यांनी.

आदेलिनोने गस्तीवर जाण्याआधी एकदम तीन लिहून घेतली,
पुढच्या तारखा टाकून. आईला आठवड्याला एक लागतं, म्हणाला.
दोन तो गेल्यावर गेली.
मीच टाकली पेटीत.
पहिलं टाकलं तेव्हा तार अजून निघाली नव्हती.
दुसरं का टाकलं
याचं उत्तर पन्नास वर्षांत जुळलेलं नाही.

नोव्हेंबरात त्याच्या बहिणीचा फोन आला.
घर विकतोय, बिस्किटाच्या डब्यात पत्रं सापडली,
अक्षर तुमचंच ना?
हो.
शेवटच्या पत्रात तो म्हणतो,
तळाच्या कुंपणापाशी लिंबोणीचं रोप लावलंय.
तुम्ही नंतर होता तिथे. जगलं का हो ते झाड?

लिंबोणी मी लावली होती,
कागदावर,
अर्धं पान कोरं राहत होतं म्हणून.

फोन धरून उभा राहिलो. मग म्हणालो, लाइन खराब आहे.

आणखी एक गोष्ट त्या हजार पत्रांत नाही.
पहाटे पेटवलेलं ते गाव.
एका म्हातारीने आधी भाताची टोपली बाहेर आणून ठेवली,
नीट, चिखल टाळून,
आणि पुन्हा आत गेली.
हे कुणी सांगितलं नाही मला लिहायला.
मीही कुणाला विचारलं नाही,
हे लिहू का?

रात्री टाउन हॉलच्या घड्याळाचे बारा ठोके,
ठोक्याला एक बेदाणा, बेदाण्याला एक इच्छा.
वाटीत अकराच आहेत.
एर्मेलिंदा म्हणते, मी नाही खाल्ला.
बरं. इच्छा तरी कुठे बारा उरल्यात?

जानेवारीत बस धरून देओलिंदाकडे जायचं.
तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगायचं की झाड नव्हतं.
कदाचित तिला ते ठाऊकच असेल.
कदाचित ती मला हाकलून देईल, तर परतीची बस साडेपाचला आहे.
पत्रं मागायची नाहीत. ती माझी नाहीत.

आणि बोट किनाऱ्याला लावायची.
पायाखाली चिखल आला की
"आम्ही" लिहायचं नाही, "पलटण" लिहायचं नाही.
त्या एका अक्षरासाठी
सकाळपासून तीनदा पेन्सिल तासली.

अंधारलं. नळाखाली बर्फाचा गोळा झालाय,
एर्मेलिंदाने त्यावर राख टाकली.
वहीत एवढंच उतरलंय:
पत्रास कारण की
मी