अंगठ्याचं नख

दिवसभर मी बायकांना सांगते,
कान दिसू द्या. हनुवटी जरा वर.
त्या श्वास धरून बसतात
निळ्या पडद्यापुढे,
जणू कुणी झडती घेणार आहे.
जालन्यात माझ्या स्टुडिओची ओळख एवढीच:
दहा मिनिटांत आठ फोटो.

शटर अर्धं ओढल्यावर जे काढते
ते काचेत लावत नाही.
पाठीवर उमटलेली हुकांची ओळ.
बांगड्या उतरवल्यावर
सापडलेलं कोवळं मनगट, चाळिशीतल्या बाईचं.

धुरपदा आली ती चिडूनच.
रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा घेईना.
पदराला पुसला, ओल्या फडक्याला पुसला,
मशीन म्हणे, ही बाई ती बाई नाही.
"बावीस वर्सं कपाशीचं क्रॉसिंग केलं म्या,
रेषा कुटं ऱ्हायत्यात?"

दारातल्या कुंडीत जास्वंदीची कळी होती.
तिनं विचारलंही नाही,
लांब राखलेल्या नखानं पाकळ्या सोलल्या.
"ही कपाशीची मावसबहीणच.
हे नराचं. खुडून टाकायचं.
मधल्या मादीला नख लागू द्यायचं न्हाई,
लागलं की बोंड गळालं."
मग उमललेलं एक फूल तोडून
त्या उघड्या टोकावर फिरवलं, इतकं हळू
की माझाच हात हलला, फ्रेम गेली.
"आन वर दोरा. कोन कोनाचं, ते दोऱ्यावरून कळतं."

"तुला कुनी दोरा बांधला का गं?"
वर न बघताच विचारलं.
मी फोकस करत राहिले. खूप वेळ.
मग नाव सांगितलं,
या गावात कुणालाच न सांगितलेलं.
बाईचं नाव. तिनं ते नीट ऐकलं,
बोटावरचे पिवळे कण फुंकले.
"जेवती का ती वेळेवर?"
एवढंच.

अर्जाला लागणारे आठ फोटो तिला हवेच होते.
निळ्या पडद्यापुढे बसली.
मी कान म्हटलं नाही, हनुवटी म्हटलं नाही.

आता तो अंगठा भिंतभर छापलाय.
नखाच्या कडेला पराग,
खाली गुळगुळीत कातडी, नदीतल्या गोट्यासारखी.
नाव काय टाकू, म्हणून फोन केला.
बापाचं नको म्हणाली, नवऱ्याचं तर नकोच.
"नुसतं धुरपदा.
आन जागा उरली तर
प्लाटचा नंबर टाक."