बेचिराख: मौजे तळीधोंड

रजिस्टरात गावापुढं एकच शब्द आहे: बेचिराख.
मूळचा फारसी, बे-चिराग, दिवा नसलेलं.
आमच्या कारकुनांनी ग चा ख केला
आणि राख आपोआप आत आली.

क्षेत्र सहाशे बारा हेक्टर.
पोटखराबा जवळजवळ तेवढाच.
लोकसंख्या निरंक. शाळा, दवाखाना निरंक.
स्मशानभूमी? तीही निरंक,
म्हणजे मरायचीसुद्धा सोय नाही.

गगनबावड्याच्या एसटीतून आम्ही फाट्यावर उतरलो.
रोव्हरची पेटी दस्तगीरच्या डोक्यावर.
अडीच तास चढ, वाटेवर सावली फक्त कड्याची,
आणि ती पण दहा वाजता संपली.

वर सडा.
जांभ्याचा. खरूज धरलेल्या म्हशीच्या पाठीसारखा काळा-तांबडा,
पाय टाकला की आतून पोकळ वाजणारा.
वीतभर मातीत वीतभर गवत.
वाऱ्यानं सगळी झुडपं एकाच कुशीवर निजवलेली.
अंजनीच्या खोडाला गव्यानं अंग घासल्याचा चिखल,
अजून ओला.

उपग्रह अकरा सापडले.
माणूस एकही नाही, असं लिहिणार
तोवर दस्तगीर म्हणाला, साहेब, धूर.

ठकूबाई लांबोर. तीन म्हशी, एक कानतुटकं कुत्रं,
कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर.
"मोजाय आलासा? मोजा की.
कुठं पळून जातंय व्हय त्ये."

ताक दिलं. धुराचा वास होता ताकाला.
मग बोट फिरवत सांगत गेली:
ती रेडेबुडी.
ते बाळंतिणीचं वळण, माझी जाऊ झोळीतनं खाली नेताना
तिथंच मोकळी झाली, पोरगं जगलं.
तो सायबाचा धोंडा, खाली काचेची बाटली गावल्याली.
त्यो खोटा झरा, मार्गशीर्षात तोंड फिरवतो.
आणि ह्यो फोनधोंडा:
वर चढून कोकणाकडं पाठ केली की
ऐतवारी थोरल्याचा आवाज येतो.

माझ्या नकाशात तिथं गट नंबर चार.
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चार.

"आमास्नी कुठं बशिवलासा कागदात?"
बघतो, म्हणालो.
सरकारी नोकरीत हा शब्द मी किती वेळा वापरला,
त्याची मोजणी कुणी केली नाही, बरं झालं.

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
मी लिहिलं: धूर दिसला.
महिन्यानं फाईल परत आली. तांबड्या शाईत:
धुराचा गट क्रमांक नमूद करावा.

केला नाही. मग निवृत्तच झालो.
फाईल कुठल्या तरी कपाटात
अजून उत्तराची वाट बघत असेल.

एक मात्र वहीत मांडलं नव्हतं, ते इथं.
त्या छपराचा आढा बरोबर डोंगराच्या धारेवर आहे.
पश्चिमेची पागोळी कड्यावरून थेट कोकणात.
पूर्वेची ओघळत कुंभीत, कुंभी पंचगंगेत,
पंचगंगा शिरोलीच्या पुलाखालून,
जिथं तिचा थोरला फाउंड्रीत
दोन पाळ्या वाळूचे साचे भरतो.

आम्ही उठलो तेव्हा तिनं तांबे विसळले.
मोरीचा दगड पश्चिमेला, दोन पावलांवर.
ती छपराला वळसा घालून
गोठ्याच्या मागं गेली, गुडघा धरत,
आणि पाणी पूर्वेच्या उतारावर ओतलं.

उतरताना दस्तगीरला मी हे सांगितलं.
तो पेटी सावरत म्हणाला,
कातळ हाय साहेब. हातभर जाईल, वाळंल.

मी मागं वळून बघितलं होतं.
दीड हात गेलं.