समासातला ठिपका

बाणेरला चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
आम्ही ठरवत होतो
वाचणाऱ्या माणसाला वाचणारं माणूस कसं भेटवायचं.
फळ्यावर निळ्या मार्करने लिहिलेलं :
बदाम, टाळ्या, पदकं, आठवड्याचा अव्वल वाचक.
निरंजन म्हणाला, लोकांना आकडे आवडतात.
मी म्हणाले, हो, वजनकाटा सोडून.

मला आठवत होतं नारायण पेठेतलं वाचनालय,
महिना तीस रुपये, अनामत वेगळी,
काउंटरवर आठल्येबाई, ज्या फक्त दंडापुरत्या बोलायच्या.
मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी,
जांभळे, वाकडे शिक्के,
आणि सभासद क्रमांक ४१७,
कायम माझ्या एक पुस्तक पुढे.
४१७ शिसपेन्सिलीने लेखकाशी भांडायचा :
'खोटं. नदी त्या बाजूला वाहत नाही.'
'इथे थांबलो. चहा.'
एकदा नुसतंच : 'अरे देवा.'
त्याखाली मी लिहिलं होतं, '५०२ सहमत.'
आम्ही कधी भेटलो नाही.
'थांबलो' आहे म्हणजे तो असणार,
एवढीच माहिती. तेवढी पुरली.

चाचणीला अकरा वाचक मिळाले.
पद्माकर बिडवे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त,
अक्षर एवढं मोठं करतात
की पडद्यावर चार ओळी मावतात.
सुनयना ओव्हाळ, रात्रपाळीची नर्स,
अक्षर मुंगीएवढं, उजेड अगदी कमी,
वॉर्ड झोपला की दोन ते चार.
त्यांचं पान अठराशे सहा. हिचं दोनशे बारा.
यंत्राच्या हिशेबी दोघांत सोळाशे पानांचं रान.

नोंदी चाळताना दिसलं,
बुधवारी पहाटे दोघं एकाच वाक्यावर अडकलेत.
बाई मुलाचे बूट पुसून दाराशी ठेवते,
तो येणार नाही हे माहीत असून.
बिडवे सहा मिनिटं.
ओव्हाळ नऊ.
दोघांनी संमतीच्या कागदावर सही केलेली,
तरी कुणाच्या खिडकीतून डोकावल्यासारखं झालं.
मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी पानं रद्द केली, वाक्यं मोजायला घेतली.
समासात ठिपका,
मोहरीएवढा, पेन्सिलीच्या रंगाचा :
इथे कुणीतरी थांबलं होतं.
नाव नाही, फोटो नाही. ज्याला ठेवावासा वाटेल त्यानेच ठेवायचा,
नको झाला तर पुसायचा.
'आणि त्यावर बोट ठेवलं की?' निरंजनने विचारलं.
काही नाही.
'काहीच नाही?'
थोडा गडद होतो.
मीटिंगमध्ये हे वाक्य बोलायला
जरा निबर कातडी लागते.

बिडवे पुन्हा आले तेव्हा म्हणाले,
'ताई, तुमच्या काचेवर डाग पडलाय.'
रुमाल काढून पुसायला लागले, तोंडाची वाफ देऊन.
मी सांगितलं काय आहे ते.
रुमाल घडी करून खिशात गेला, सावकाश.
'म्हणजे तेव्हा कुणी जागं होतं.'
हो.
'आणि त्यांना कळलं का, मीही होतो ते?'

हे फळ्यावर कुठेच नव्हतं.
बदामांत नव्हतं, माझ्या मोहरीतही नव्हतं.
मी म्हणाले, बघते.
त्यांनी चष्मा घातला आणि पुढची चार ओळींची पानं
उलटत बसले, बस चुकेपर्यंत.

संध्याकाळी औंधच्या सिग्नलला, रिक्षात
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी दोन ठिपके काढून पाहिले.
शेजारी शेजारी ठेवले तर डोळे दिसतात, कुणी टपल्यासारखे.
लांब ठेवले तर दोघंही हरवतात.
एकाखाली एक ठेवले
तर विसर्ग झाला.

तो मी तसाच राहू दिला,
एवढासा सुटलेला श्वास,
कुठल्या शब्दापुढचा ते अजून ठरायचंय.