डेपोसाठी यंत्र

मे महिन्यात आमच्या वडकीची जमीन
रात्री नऊनंतरच पंजा टेकू देते.
म्हणून खेळ अंधारात.

बोअरचा उरलेला तीन इंची पाइप, दीड हात.
स्प्रिंग लुनाच्या शॉकअपची,
खटका उंदराच्या पिंजऱ्याचा,
डाव्या हातानं ओढता येईल असा.
उजवा खांदा जिनिंगच्या प्रेसनं
केव्हाच ठेवून घेतला.

नत्थू वेल्डर हसला, "कुत्र्यासाठी तोफ करतं का बावा?"
पण खांद्याला अडकवायला कडी लावून दिली,
पैसे घेतले नाहीत.

चेंडूत पोरीच्या जुन्या बुटातला दिवा,
आपटला की लुकलुकणारा.
पहिलीच फेक
पऱ्हाटीच्या गंजीपलीकडे. विझला.

डेपो हललाच नाही.
पाइपाला हुंगलं,
मग माझ्याकडे पाहत बसला.
"अबे, तिकडे गेला नं!"

गेला.
बराच वेळ नुसता पाचोळा वाजत राहिला,
कुठंतरी टिटवी चिडली.

मग धुऱ्यावरून
एक लाल जबडा पेटत विझत आला,
दातांच्या फटींतून उजेड सांडत,
आणि माझ्या लोंबत्या
उजव्या तळव्यात
त्यानं ओला चेंडू ठेवला.

पाइपात टाकायचा असतो,
हे शिकवायचं राहिलंय त्याला.
बघू.