पाचवं नाव

चोडणची फेरी अजून फुकट नेते माणसांना.
परत कधी आणणार, ते कुणी सांगत नाही.

एकोणतीस वर्षांनी उतरले मी,
रडायला नाही, सही करायला.
आईला जाऊन दोन महिने झाले.
इन्व्हेंटरी निघालीय,
वारसांनी हजर राहावं.

नरसिंह धक्क्यावर होता, स्कूटर टेकवून.
"थकलीस," म्हणाला. स्वतःचे केस काळे केलेत.
वाटेत सगळं दाखवत आला,
पंचायतीची नवी इमारत, बंद पडलेली गिरण,
चर्चला काढलेला रंग.
मानशीजवळ मात्र गाडी जोरात घेतली.

वकील सोप्यावर बसून वाचतात,
नरसिंह. कुमुद. शाणू. मी.
मग पान उलटतात.
मिंगेल.
जन्म चौसष्टचा. आई इनासिन, शेतमजूर.
वडील, आमचेच.
"नोंद त्यांनी स्वतः केलीय. सही बघा."

सही मी ओळखली,
शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं.
कुमुदने कप बशीत ठेवला,
बशी तिथे नव्हती.
शाणू हसला, एकदाच.

मिंगेल.
कोर्गुटाची रोपं आमच्याहून आधी ओळखणारा,
मला कुर्ली मागून धरायला शिकवणारा.
"आंगठा इथे. भिऊ नको गो,
तिलाच जास्त भीती वाटते."

"तो तारवटी झाला," नरसिंह म्हणतो,
"बोटीवर गेला. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."
वकील लिहितात, ठावठिकाणा अज्ञात.

म्हाळाच्या दिवशी आई एक पान जादा मांडायची
मागच्या दारी, माडाच्या मुळाशी.
कावळ्याचं, म्हणायची.
पण कावळ्याचं छपरावर वेगळं असायचंच.
आणि त्या पानावर ती कुर्ली वाढायची,
पितृपक्षात,
आमच्या घरात!
कुणी विचारलं नाही.
विचारणाऱ्यांचं घर नव्हतंच ते.

त्या अमावास्येला ओहोटी मोठी होती.
मानशीवर जाळं लावलेलं,
पेट्रोमॅक्स दोन.
मग एक.
माझी दाढ दुखत होती म्हणून मी खिडकीत.
अकरा वर्षांची.
नरसिंह मागच्या दाराने आला, गळ्यापर्यंत ओला.
आई काही बोलली नाही.
विहिरीवर नेऊन घागरीमागून घागर ओतत राहिली
त्याच्या डोक्यावर,
खाऱ्यावर गोडं,
खाऱ्यावर गोडं.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला.
आईचा हात माझ्या मानेवर होता. हलकाच.
"झोपले होते," मी म्हटलं.

तेवढं एक वाक्य घेऊन मी बेळगावला सासरी गेले.
दोन मुली वाढवल्या त्याच्यावर.
रात्री त्यांना थोपटताना
माझेच डोळे उघडे.

वकील पेन पुढे करतात. "इथे. सगळ्यांनी."
नरसिंहने केलीय आधीच.
मी बघते,
त्याच्याही सहीखाली दोन टिंबं.

बाहेर भरती चढतेय.
मानशीची दारं पाणीच लोटतं,
कुणाला हात लावावा लागत नाही.
समोरची पोंय किती खोल आहे
ते आम्हा पोरांना कधी कुणी नीट सांगितलं नाही.
मिंगेल सांगायचा, दोन माड.

"वकीलसाहेब," मी म्हणते,
"ते 'अज्ञात' खोडा."

नरसिंह बोटाभोवती किल्ली फिरवत होता,
ती थांबते.

"आणि एक लिहून घ्या.
त्या रात्री मी..."

दाढ ती कधीच काढली,
बेळगावात, लग्नानंतरच्या वर्षी.
तरी कळ येते ती तिथूनच.